धारेवरच्या चिंध्या

ता. २ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणजे तू खुशाल आहेस असं धरून चालतो. काही दुखलं-खुपलं की दोन पानी पत्र लगेच येतं.

तर बातमी अशी की दुकानात बसून नुसती तिकिटं काढून देणं मी बंद केलंय. मी आता जबाबदार सहली काढतो. म्हणजे काय रे बाबा, असं तू विचारणारच. डोंगरातल्या माणसांकडे जायचं, त्यांचं जगणं बघायचं, पण आपण आल्याचा त्यांना त्रास होऊ द्यायचा नाही. चकचकीत कागदावर वीस नियम छापून घेतलेत. पोरांना चॉकलेटं वाटायची नाहीत. कुणाच्या घरात डोकवायचं नाही. गावकऱ्यांच्या कामात व्यत्यय आणायचा नाही. आणि विसावा नियम खास माझा: डोंगर आपण आलो त्याहून स्वच्छ करून निघायचं.

पहिली तुकडी चौदा जणांची आहे. दोन दातांचे डॉक्टर, एक निवृत्त बँक मॅनेजर आणि उरलेले त्यांचे सोयरे. त्यांना न्यायचं कुठे? माझी सख्खी बहीण अकरा वर्षं जिथे नर्स म्हणून राहतेय, त्याच गावात! तू तिथल्या कारभारीण आजींशी बोलून घे. आणि हो, गावकऱ्यांनी त्यांचे नेहमीचेच कपडे घालावेत. म्हणजे ते भरतकामाचे, रंगीत, नेहमीचे.

रागावशील ते ठाऊक आहे, पण उत्तर दे.

तुझा,
ढब्बू


ता. ११ सप्टेंबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

वीस नियम वाचले. पेपर किती मार्कांचा आहे तेवढं कळव. ज्याने जन्मात स्वतःचा ओला टॉवेल दोरीवर टाकला नाही तो आता डोंगर स्वच्छ करणार, हे मी आईलाही कळवलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

नेहमीचे कपडे म्हणशील तर कारभारणीच्या नातवाच्या नेहमीच्या बनियनवर सिमेंटची जाहिरात आहे. भरतकामाचे अंगरखे इथे लग्नात घालतात. तुझ्या दातवाल्यांसाठी कुणी लग्न काढायला तयार झालं तर तार करते.

कारभारणीशी बोलले. हे लोक येऊन करणार काय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बघणार. काय बघणार? तर आपल्याला. ती म्हणाली, बिचाऱ्यांच्या गावात बघण्यासारखं काहीच नसेल. येऊ देत. अट एकच: डोंगराच्या धारेवर गावातला माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही.

माझ्याकडून मात्र फार आदरातिथ्याची अपेक्षा ठेवू नकोस. धारेपलीकडे वरची वस्ती आहे. तिथल्या एका पोरीचे दिवस भरत आलेत. आधीची दोन बाळं गेली. दोन्ही वेळा मला निरोप उशिरा मिळाला. या वेळी मी तिला शब्द दिलाय की काहीही झालं तरी वेळेवर पोचेन. महिनाभर डोक्यात तेवढंच आहे, म्हणून तुझ्या चौदा पाहुण्यांच्या दातांची काळजी त्यांनाच घेऊ दे.

सांभाळून ये. खोकला कसा आहे ते लिहिलं नाहीस.

आशीर्वाद आहेतच, थोडी अक्कलही पाठवते.
ताई


ता. ५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. तू दोन दिवस पलीकडच्या खेड्यात पोरांना लस टोचत फिरत होतीस, त्यामुळे धड बोलणंही झालं नाही. पण सहल म्हणशील तर दृष्ट लागण्यासारखी झाली! मॅनेजरसाहेब तर परतताना रडले. दाढ दुखत होती हे खरं, पण त्याआधीही ते हळवे झालेच होते.

एकाही पोराला चॉकलेट दिलं नाही. पोरांनी मागितलं तरी दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तर त्यांच्यासमोर स्वतःही खाल्लं नाही, पाठ करून खाल्लं.

शेवटच्या दिवशी धारेवरून चढून पलीकडच्या रस्त्याला उतरलो. कारभारीण आजी पुतण्याला बरोबर धाडत होत्या. मी हात जोडून नको म्हटलं. कापणीचे दिवस, त्याच्या कामात व्यत्यय नको. नियम म्हणजे नियम. त्यांची अट मला आठवत होती, पण आपण पंधरा मोठी माणसं, दिवसाउजेडी, ऊनही छान पडलेलं.

आणि ताई, राग मानू नकोस, पण तुझ्या गावाला स्वच्छतेची जरा शिस्त लाव. धारेवर झुडपाझुडपाला फाटके कपडे आणि प्लास्टिकच्या चिंध्या लटकलेल्या! लाल, निळ्या, काय वाटेल त्या. आम्ही एकही ठेवली नाही. चार पोती भरली. कड्याच्या टोकाची एक तर दोघांनी मला धरून ठेवलं तेव्हा निघाली. आता डोंगर कसा लख्ख झालाय!

पोरीचं काय झालं ते कळव. लोभ असावा, थोडं कौतुकही असावं.

तुझा,
ढब्बू


ता. १९ ऑक्टोबर

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

कौतुक करायला बसलेय. शेवटपर्यंत वाच.

त्या चिंध्या म्हणजे आमचा रस्ता होता. निळी दिसली की डावीकडे वळायचं, लाल दिसली की पुढे पाऊल टाकायचं नाही. इथे धुकं उतरतं तेव्हा पुढे केलेल्या हाताची बोटं दिसत नाहीत. तेव्हा माणसं चिंधी ते चिंधी चालतात.

नऊ तारखेला सकाळी पोरीचा निरोप आला. वेळेवर आला. मी पिशवी उचलून निघाले. धारेवर पोचले आणि धुकं उतरलं. पहिली चिंधी दिसेना. वाटलं, माझंच चुकलं. दुसरी दिसेना. मग मी खाली बसले, कारण एका बाजूला कडा आहे एवढंच माहीत होतं, कोणत्या ते नाही. चार तास बसले. पोरगी ओरडत होती ते मला ऐकू येत होतं, पण आवाज कुठून येतोय ते कळेना. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी कधी रडले नाही.

धुकं विरलं तेव्हा बाळ होऊन गेलं होतं. रडलंच नाही म्हणे. सासूने तोंडाने फुंकर घालघालून त्याला रडवलं. पोरीचं रक्त फार गेलं, ते मी पोचल्यावर थांबलं. दोघी जिवंत आहेत. मुलगी झाली. यात तुझं, माझं आणि तुझ्या वीस नियमांचं काडीचं श्रेय नाही.

गावाने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कारभारणीने एवढंच विचारलं की चिंध्या कशासाठी आहेत हे मी भावाला सांगितलं होतं का. मी नाही म्हटलं. मलाही कुणी आपणहून सांगितलं नव्हतं, अकरा वर्षांपूर्वी मी विचारलं होतं. कोंबडीला हात लावू का, असं तुझी डॉक्टरीणबाई तीनदा विचारत होती म्हणे. चिंधीला हात लावताना चौदांपैकी एकालाही सुचलं नाही.

सगळ्या गावाने तीन दिवस आठवून आठवून चिंध्या पुन्हा बांधल्या. पण कड्याच्या वळणावरची लाल चिंधी नेमकी कुठे होती यावर तिघांची तीन मतं आहेत. ती जागा पक्की ठाऊक असलेला मेंढपाळ मागच्या वर्षी वारला. दहा पावलं इकडेतिकडे झाली तर माणूस खाली. म्हणून ती वाट बंद केली. आता ओढ्याच्या बाजूने जायचं, दोन तास जास्त लागतात. वरच्या वस्तीवर आणखी दोघींना दिवस गेलेत.

तू त्या टोकाला लटकून चिंधी काढलीस तेव्हा कुणीतरी फोटो काढला असेलच. त्यात झुडूप आणि शेजारचा खडक दिसला तरी आमचं काम होईल. शोधून पाठव. त्यानंतर मी तुझ्याशी पोटभर भांडेन.

ताई


ता. ३० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. नंतर शटर ओढून घेतलं आणि आत बसून राहिलो. तुला चार तास तिथे बसवणारा मी. दुसरं काय लिहू?

पोत्यांचा शोध घेतला. ती कचऱ्याच्या गाडीत गेली, आणि त्याच दिवशी स्वच्छतेबद्दल मला शाबासकीही मिळाली होती. मग चौदा जणांच्या घरी स्वतः गेलो. तुझं पत्र प्रत्येकाला वाचून दाखवलं. मॅनेजरसाहेब या वेळी दाढ न दुखता रडले. डॉक्टरीणबाईंनी आधी मलाच दोष दिला, मग दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. सगळ्यांनी होते नव्हते तेवढे फोटो दिले. नऊशे बारा. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे. एकेक मोठा करून बघितला.

धारेवरचे दोनशे आहेत. कड्याच्या टोकाचे अकरा. अकराही फोटोंत मी आहे, हात वर करून हसतोय. मला धरणारे दोघे आहेत, त्यांच्यामागे बाकीचे अंग चोरून मावलेत. झुडूप माझ्या पोटाआड गेलंय. खडकावर मॅनेजरसाहेब उभे आहेत. एका फोटोत कोपऱ्यात लाल काहीतरी दिसलं. मोठं करून पाहिलं तर माझीच टोपी.

गुरुवारी येतोय, एकटाच. पायथ्याशी थांबेन. कारभारीण आजींनी बोलावलं तरच वर येईन. त्या पोरीला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही, पण फोटो नाही हे तिला पत्रातून कळू नये. नऊशे बारा फोटोंत तुमचा डोंगर कुठेच नाही, ताई. सगळीकडे आम्हीच आहोत.

लोभ मागायला या वेळी तोंड नाही.

तुझा,
ढब्बू