टेपची रिंग

शनिवार, संध्याकाळ

सत्काराची शाल अजून खुर्चीवर तशीच पडली आहे. तिची घडी घालायलाही हात पुढे होत नाही.

सातपूरच्या कारखान्यात आम्ही कॉम्प्युटरवर गणिताचं सॉफ्टवेअर टेपवरून कसं चढवलं, ते सांगायला आज कॉलेजात बोलावलं होतं. मुलांना मजा येत होती. मग मी रिंगची गोष्ट काढली. टेपच्या रिळाला मागून प्लास्टिकची रिंग असायची. ती असली तरच टेपवर लिहिता यायचं. काढली की मशीन फक्त वाचणार. आमच्याकडे त्या सॉफ्टवेअरची टेप एकच; तिच्यावर चुकून काही लिहिलं गेलं की आधीचं सगळं पुसलं जाणार. मी गडबडीत वाचण्याऐवजी लिहिण्याची कमांड दिली आणि मशीन अडून बसलं. "कारण रिंग मी आधीच काढून ठेवली होती," असं म्हणालो. टाळ्या पडल्या.

रिंग सुमननं काढली होती. माझ्या हातातून टेप ओढून घेत, "अरे, जरा बघ तरी!" म्हणत. तेव्हा ती शेजारच्या टेबलावर काम करायची, आमचं लग्न नंतरचं. आज पहिल्या रांगेत बसली होती. मला दिसत नव्हती का? दिसत होती की. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, त्यातून ती कधी गळाली? की मीच गाळली?

परतताना रिक्षा द्वारका चौकात अडकली. बाहेर बघत सुमन म्हणाली, "मग त्या दिवशी मी कुठे होते रे?"

मी पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणालो, "दादा, गंगापूर रोडला घ्या."

ते तर बसतानाच सांगितलं होतं.