ब्लॉकमधला आरसा

३ मार्च

ती. मामास,
चिमणीचा शि. सा. न.

मामा, बाबांच्या मोटारसायकलचं इंजिन मी उघडलंय. आधी पूर्ण वाच, मग रागाव. गाडी इतकी पळलीये की मीटरचे आकडे संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेत. आता तेल जाळून निळा धूर ओकते. गॅरेजवाले म्हणाले, अख्खी गाडी ठेवून जा, सावकाश बघू. पण बाबा तिच्यावरूनच दुकानोदुकानी औषधं पोचवतात, सावकाश कसं चालेल? ते म्हणाले, महिनाअखेर नीट झाली तर ठीक, नाहीतर भंगारात. त्या टाकीवर डोकं टेकून मी लहानपणी झोपायचे रे.

म्हणून मागच्या खोलीत चादर अंथरली. तू शिकवलंस तसं पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढलं आणि एकेक बोल्ट त्याच्या जागी खोचला. पिस्टन बाहेर आला तर माझ्या मुठीएवढा! एवढासा जीव आम्हा तिघांना ओढत होता. मी नुसती बघत बसले. आई म्हणाली, त्याच्याशी बोलून झालं असेल तर जेवायला ये, आमच्याशी तर बोलत नाहीस.

पिस्टन ज्यात पळतो तो ब्लॉक तेवढा बाबांनी गॅरेजातून बोअर करून, आतून कातून आणला. पिस्टन आणि त्याच्यावरच्या रिंगा नव्या. पण ब्लॉक आतून सगळा ओरखडलेला! आपल्या घरात चमकत नाही ते स्वच्छ नाही, तुला माहितीये. आई आणि मी दुपारभर बारीक पॉलिशपेपरने घासलं. आता आत तोंड दिसतं. उद्या जोडते.

माया आहेच, तीत खंड नको.
तुझी चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

अगं बाई, जोडू नकोस! ताईने लहानपणी माझ्या सायकलची चेनही अशीच साबणाने धुऊन चकचकीत केली होती. शाळेपर्यंत करकरत गेलो होतो मी.

ते ओरखडे मुद्दाम पाडतात. त्या रेघांमध्ये तेल थांबतं, नव्या रिंगा त्यांच्यावर घासून आपली जागा धरतात. आरशावर तेल टिकत नाही. उघडणं, धुणं, जोडणं तू घरी कर, मला कौतुकच आहे. रेघा मात्र गॅरेजच्या मशीनवरच पडतात. ब्लॉक घेऊन तूच जा, भावजींना पाठवू नकोस. तोंडातून शब्द फुटला नाही तर नुसता समोर ठेव.

रागावलेलो नाही, घाबरलोय. लवकर कळव.
तुझा मामा

२० मार्च

ती. मामास,
चिमणीचा शि. सा. न.

तुझं पत्र आलं तोवर मी जोडून बसले होते. गाडी सुरू झाली, मी नाचले, आणि मग अंगणभर निळा धूर. बाबा चपला घालून बाहेर पडले. भंगारवाल्याला शनिवारी या म्हणून सांगून आले. मी पुन्हा सगळं खोललं.

ब्लॉक टॉवेलात गुंडाळून गॅरेजच्या दारात उभी राहिले. हजेरीला मला हजर म्हणता यायचं नाही, त्यापायीच शाळा सुटली. इथे तर चार अनोळखी माणसं. म्हातारे मिस्त्री ब्लॉकमध्ये डोकावले आणि ओरडले, हा आरसा कोणी केला? मी म्हणाले, मी. ऐकू गेलं मामा, सगळ्यांना! ते हसून म्हणाले, इतकी मेहनत घेऊन बिघडवलेलं काम आजवर पाहिलं नव्हतं. मग माप घेतलं. म्हणाले, अजून मापात आहे, भोक फार मोठं झालेलं नाही, थोडक्यात वाचलीस.

मशीनचे घासायचे दगड आत फिरत वरखाली व्हायला लागले. थांबले तेव्हा त्यांनी पेटवलेली बॅटरी माझ्या हातात दिली. मामा, आत बारीक तिरक्या रेघा, एकमेकींना छेदत गेलेल्या, चटईच्या विणीसारख्या. एकही चुकलेली नाही. आम्ही ज्याला घाण म्हणालो ते इतकं देखणं होतं!

इंजिन पुन्हा जोडून शनिवारी सकाळी किक मारली. बाबा सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरून उभे राहिले. बराच वेळ. रुमाल पांढराच राहिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि गाडीवर बसले, पण मागच्या सीटवर. पुढच्या सीटवर हात थोपटला. मला गाडी चालवता येत नाही हे दोघांच्याही लक्षात नव्हतं!

भंगारवाला येऊन गेला म्हणे. आईने त्याला सांगितलं, गाडी फिरायला गेलीये. आम्ही तेव्हा मोठ्या रस्त्यावर होतो, मी पुढे, बाबा मागे, पहिल्या गियरमध्ये.

तुझ्या लोभाचं तेल असंच पुरवत राहा.
तुझी चिमणी