क्लचच्या तेलाला कुणी हात लावला?

९ नोव्हें., रवि.
मुखेडची शर्यत तीन आठवड्यांवर. सकाळी माळावर डर्ट बाइकचा क्लचच गेला. लिव्हर मऊ, पार मुठीला टेकली. दाबून धरली तरी गिअर टाकताच गाडी उसळली. पडता पडता वाचले. रफिकभाईनं मागच्याच पंधरवड्यात सर्व्हिसिंग केलंय. मग?

११, मंगळ.
क्लासमध्ये शिकवते ती फिजिक्सची बॅच लवकर सोडली, थेट गॅरेज. रफिकभाईनं क्लचच्या नळीतली हवा काढली. लिव्हर घट्ट.
"हवा शिरली व्हती, मॅडम. कुठून, ते कळंना."
कळंना, की सांगंना? मी परत यावं म्हणून...
घरी आल्यावर हँडलवरच्या क्लच-तेलाच्या डबीच्या झाकणाच्या दोन्ही स्क्रूंवर नेलपॉलिश लावून ठेवली, कुणी उघडलं तर कळेल.

१४, शुक्र.
लिव्हर पुन्हा मऊ. नेलपॉलिश तडकलीय! तीन दिवस गाडी अंगणातून हललेली नाही. फाटकाला कुलूप. किल्ल्या दोनच, माझी आणि अण्णांची.
नाही. स्वतःचे वडील कशाला...

१५, शनि.
रफिकभाईनं खालचा सिलिंडर खोलला. आतलं रबरी सील फुगलेलं. डबीतलं तेल पाण्यात टाकलं, ते विरघळलं.
"ह्येला मिनरल ऑइल लागतंय, ते तरंगतंय. ह्ये ब्रेक ऑइल हाय. कुनी टाकलं?"
मी विचारून बसले, "तुम्ही नाही ना?"
त्यानं फडकं खाली ठेवलं. "तुमचा जीव असतोय की ह्या गाडीवर. म्या कसं टाकंन?"
मान वर करवेना.

१६, रवि.
अण्णा चहा घेत होते. विचारलं.
"हाव, मीच टाकलं. तेल कमी दिसलं."
"दोनदा?"
त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला.
"झाकणावर लिहिलंय की, फक्त मिनरल."
"इंग्रजी मला कुठं येतंय?"
तीस वर्षं एसटी चालवली या माणसानं. तेलातला फरक कळत नसेल?
त्र्याण्णवच्या भूकंपात दादा गेला तेव्हा मी चार महिन्यांची. अण्णांनीच मला ढिगाऱ्यातून काढलं. आई सांगायची, त्यानंतर वर्षभर मला खाली ठेवलं नाही त्यांनी.
उठताना म्हणाले, "आता शर्यत न्हाई ना?"
मी कपबशी उचलून आत गेले.

१९, बुध.
नवं सील, नवं तेल. माळावर दोन तास चालवली. क्लच एकदम चोख. रफिकभाईची माफी मागितली. "जाऊ द्या," म्हणाला, पण हसला नाही.
जेवताना अण्णा म्हणाले, "मुखेडला मी बी येतो." मी हो म्हटलं.
गाडी मात्र शर्यतीपर्यंत गॅरेजलाच ठेवलीय. अंगण रिकामं आहे. अण्णांनी अजून विचारलं नाही, गाडी कुठंय.