इथे दुखतंय का?

४ मार्च

नायिका मारल्यावर विचारते!

आज पूर्ण सिनेमा पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकला. एकशे सहा मिनिटं, नऊ मारामाऱ्या. तिसऱ्या मारामारीत ती एका गुंडाचा हात पाठीमागे पिळते आणि शांतपणे विचारते, "इथे दुखतंय का?" तो सांगतो, "थोडंसं. कोपराच्या वर." ती — "आणि आता?" मग किंचाळी. किंचाळी खरी आहे.

असं एकतीस ठिकाणी.

दिग्दर्शकाला फोन केला. कॉलेजातला वर्गमित्र, म्हणून तर हे ध्वनीचं काम माझ्याकडे आलं. "अगं, वहिनी एकोणीस वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. कुणाचाही हात हातात आला की विचारतेच!" मग पुन्हा चित्रित का नाही केलं? "गोदाम दोनच दिवस मिळालं होतं."

म्हणजे नायिका त्याची सख्खी वहिनी. इथून पुढे फिजिओबाई.

५ मार्च

निर्माता आला होता. पाण्याचे पंप विकतो. हा त्याचा पहिला सिनेमा. माझाही, पण ते मी चेहऱ्यावर दिसू देत नाही. म्हणाला, "तुम्ही टेक्निकल माणूस, वाहवत जाणार नाही. गुण आणि दोष लिहून द्या. एकच पान."

गुण — लाथा खऱ्या. पंचेचाळिसाव्या वर्षी पाय कानाच्या वर जातो आणि मध्ये कुठेही कट नाही. कुठला स्नायू कुठे दाबायचा हे बाईंना पक्कं ठाऊक. त्यामुळे गुंडांना अभिनय करावा लागत नाही. तो त्यांना येतही नाही.

दोष — गुंड चारच, मरतात बावीस वेळा. दुसऱ्यांदा मरताना एकाला मिशी आहे. पुढच्या मारामारीत तीच मिशी दुसऱ्याला. कथा अशी की नायिकेच्या धाकट्या बहिणीला पळवून नेतात. सत्तराव्या मिनिटानंतर बहिणीचं नावही कुणी काढत नाही. ती सुटली की नाही? दिग्दर्शकाला विचारलं. त्याने पटकथेची पानं चाळली. मग म्हणाला, "अरेच्चा!"

त्या एकतीस प्रश्नांबद्दल काही लिहिलं नाही. कुठल्या बाजूला टाकावेत ते ठरेना.

८ मार्च

निर्मात्याने ठरवून टाकलं. अठरा तारखेला वितरक सिनेमा बघणार. त्यांना पटला तर तो लागेल, नाहीतर कायमचा कपाटात. त्याआधी फिजिओबाईंचा आवाज सिनेमाभरातून काढायचा. दुसऱ्या बाई डबिंग करणार, भारदस्त आवाजाच्या. "इथे दुखतंय का"च्या ओठांवर बसेल असं वाक्यही तो घेऊन आला होता — "आज तुझा शेवट!"

मी — एकतीसही ठिकाणी?

"मग काय झालं? तेच गुंड पुन्हा पुन्हा मरतात, ते चालतं ना?"



१० मार्च

दिवसभर ठोशांचे आवाज रेकॉर्ड केले. चामड्याच्या बॅगेवर ओला टॉवेल आपटला की पोटात गुद्दा. कोबीवर लाटणं मारलं की जबडा. कोबी अख्खाच हवा, अर्धा पोकळ वाजतो. संध्याकाळी आईने पिशवी उघडली. "याला कुणी बदडलं?" मी म्हटलं, मी. "आणि यासाठी तू चार वर्षं इंजिनिअरिंग केलंस!"

तसं बघितलं तर हो.

१२ मार्च

फिजिओबाई न कळवता स्टुडिओत आल्या. अंगात क्लिनिकचा पांढरा कोट. काचेपलीकडे डबिंगवाल्या बाई चौदाव्यांदा "आज तुझा शेवट" म्हणत होत्या. फिजिओबाई पडद्यावर स्वतःकडे बघत राहिल्या. तोंड त्यांचं, आवाज परका.

"सिनेमाचं खूळ माझं नव्हतं हो, दिराचं," त्या म्हणाल्या. "पण मी चार महिने क्लिनिक बंद ठेवलं. पेशंट दुसरीकडे गेले. आता आवाजही काढलात, तर त्यात माझे नुसते हातपाय उरतील. हातपाय काय, कुणाचेही असतात."

मी म्हटलं, निर्णय माझ्या हातात नाही.

"मान आखडलीय तुमची." मी काही म्हणायच्या आत अंगठा मानेवर. "इथे दुखतंय?"

नाही, म्हटलं.

"आणि आता?"

डोळ्यांपुढे काजवे! डबिंगवाल्या बाई हातातले कागद टाकून उभ्या राहिल्या. त्यांना काचेतून ऐकूसुद्धा येत नव्हतं.

चौदा वेळा ऐकूनही "आज तुझा शेवट"ची मला एकदाही भीती वाटली नव्हती. "आणि आता?" ऐकून मी खुर्चीसकट मागे सरकले.

१३ मार्च

मान दोन्हीकडे पूर्ण वळते. बाकी विशेष नाही.

१६ मार्च

काम पूर्ण. एकतीसच्या एकतीस ठिकाणी शेवट. निर्मात्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "याला म्हणतात दरारा!" दिग्दर्शक वहिनीला सांगायला गेला. दारातून परत आला. "तूच सांग ना." मी नाही म्हटलं.

१८ मार्च

वितरक दोघे भाऊ. थोरला पुढच्या रांगेत, धाकटा त्याच्या मागे. फिजिओबाई अगदी शेवटच्या खुर्चीत, जायच्या तयारीने.

तिसरी मारामारी. हात पिळला. आणि पडद्यावरून फिजिओबाईंचाच आवाज — "इथे दुखतंय का?"

निर्माता ताडकन उठला. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पडद्याकडे बघत होते. थोरला खो खो हसत होता. "आणि आता?" आलं आणि हसणं बंद झालं. पाचव्या मारामारीपर्यंत तो प्रश्नाच्या आधीच स्वतःचं कोपर धरायला लागला. धाकटा म्हणाला, "दादा, मला बाहेर जायचंय." दादा म्हणाला, "गप बस."

सिनेमा घेतला! अट एकच — बाईंच्या आवाजाला हात लावायचा नाही. निर्माता म्हणाला, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो." बहिणीचं काय झालं, कुणी विचारलं नाही.

फिजिओबाई जागच्या हलल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर. मग पदराने डोळे पुसले आणि दिराला म्हणाल्या, "पाठीत पोक काढून बसू नकोस."

बाहेर दिग्दर्शकाने मला गाठलं. "चुकून जुनी फाइल गेली ना? होतं गं असं घाईत. आज वाचलो! डब केलेली नीट जपून ठेव, कधी लागली तर."

मी हो म्हटलं.

१९ मार्च

सतरा तारखेला मी इथे काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी डब केलेली फाइल पुसून टाकली. बॅकअपसुद्धा.