चार नंबरची लाकडी जमीन

४ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचलो एकदाचा. शारजाहून रुवैस, तिथून आणखी चाळीस मिनिटं, आणि रस्ता संपतो तिथे समुद्राला लागून हे गेस्ट हाउस. शारजाच्या रोल्ला भागातल्या हॉटेलात बावीस वर्षं मेन्टेनन्स केलं. तिथे खिडकी उघडली की समोरच्याची बनियन दिसायची, इथे अख्खा समुद्र. बायकोला, नोराला, व्हिडिओ कॉलवर दाखवला. म्हणाली, वसईचा किनारा सोडून दुसऱ्याच्या समुद्राचं काय कौतुक! पण हसत होती. हॉटेल बंद पडल्यापासून पहिल्यांदाच.

सहा लाकडी कॅबिन आहेत, सिमेंटच्या खांबांवर दीड फूट उचललेल्या. खाली खारी जमीन, इथले लोक तिला सबखा म्हणतात. वर मिठाची पापडी, आत चिखल. रिफायनरीच्या कामाला येणारे इंजिनियर या कॅबिनमध्ये उतरतात. मॅनेजर सूर्यकांतसाहेब पुण्याचे. म्हणाले, "विल्फ्रेड, चार नंबरचं बाथरूम तेवढं पंचवीस तारखेच्या आत द्या. बाकी आरामच आहे."

तिथली लादी दोनदा फुटली, लाकूड कुजलं. आता जहूरने नवे वासे आणि नवं प्लायवूड टाकलंय. जहूर सुतार, पेशावरचा, माझ्याच वयाचा, दाढी मेंदीने लाल. आल्याआल्या त्याने चहा पाजला. कंबर धरलीय, पण मन खूश आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

लाकडावर लादी बसवायची तर खरी मेहनत लादीच्या आधीची. जमीन जरा लवली तरी लादी तडकणार. बाथरूमच्या मधोमध काठोकाठ पाणी भरलेलं वाडगं ठेवलं आणि जहूरला चालायला सांगितलं. पाणी थरथरलं. मग तो कॅबिनखाली सरपटत शिरला आणि वाशांमध्ये आडवे तुकडे ठोकले. मी वरून चार-चार बोटांवर स्क्रू मारले. फळ्यांमध्ये नाणं जाईल एवढी फट ठेवली, लाकडाला फुगायला जागा लागते.

पुन्हा वाडगं ठेवलं. जहूर नाचला तरी पाणी ढिम्म. शाबास, म्हटलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी नऊ स्क्रू अर्धा इंच वर आलेले. सगळे एकाच जागी, दार आणि कमोडच्या पाइपाच्या मध्ये. मी म्हटलं, लाकूड ओलं असेल, सुकताना स्क्रू उचलतं. जहूरला ते लागलं. म्हणाला, चाळीस वर्षं सुतारकी करतोय, माझं लाकूड असं वागत नाही. नऊच्या नऊ पुन्हा मारले. गुडघे सोलवटले. दुपारी पाहतो तर अकरा वर.

आज नोराचा फोन उचलला नाही. बोलायची ताकदच नव्हती.

७ नोव्हेंबर, गुरुवार

जेवून आलो. वाडगं तिथेच होतं, बाथरूममध्ये कोणी नव्हतं, जहूर बाहेर नमाजाला. पाणी थरथरत होतं. चार ठोके, थांबा. चार ठोके, थांबा. कोणी येरझारा घालाव्यात तसं. जनरेटर बंद होता, मी स्वतः जाऊन बघितलं.

आत पाऊल टाकलं तसं थांबलं. मी डावीकडे सरकलो, तर माझ्या तळव्यांखालची फळी हलकेच वर दाबली गेली. उजवीकडे सरकलो, तिथेही.

टॉर्च घेऊन कॅबिनखाली वाकलो. आरपार दिसतं, लपायला जागा नाही. मिठाची पापडी कुठेच मोडलेली नाही, फक्त जहूरच्या सरपटण्याची एक रेघ. मग टॉर्च वर केला. नव्या प्लायवूडच्या खालच्या अंगावर पावलं उमटली होती. ओली, कडेला मीठ धरलेली. टाच, तळवा, पाच बोटं. डोकं खाली करून उलटं चालावं तशी, दारापासून पाइपापर्यंत.

जहूरला दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि कुराणातली आयत पुटपुटली. मी छातीवर क्रूसाची खूण केली. दोघंही कामाला लागलो. दुसरं काय करणार होतो?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सूर्यकांतसाहेबांना सांगितलं. ते लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाले, सबखामधून ओल चढते, लाकडावर डाग पडतात. मी विचारलं, आधी इथे लादी कोणी बसवली होती? मधू नावाच्या मिस्त्रीने. तो कुठे गेला? पळाला, म्हणाले. "अ‍ॅबस्काँडिंगची रिपोर्ट केली आणि खलास. विल्फ्रेड, माझ्याकडे आणखी पाच कॅबिन आहेत हो." त्यांचे डोळेही माझ्यासारखेच खोल गेलेले.

इथून मेन रोड अकरा किलोमीटर. चालत कुठे पळणार माणूस?

११ नोव्हेंबर, सोमवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी स्क्रू पुन्हा वर. ठरवलं की खालून आणखी एक वासा द्यायचा. खाली जायची पाळी माझी होती. कंबर वाकेना. जहूर म्हणाला, राहू द्या भाईजान, मी जातो. मी जाऊ दिलं.

हातोडीचे ठोके ऐकू येत होते. मी वरून फळी दाबून धरली होती. ठोके थांबले. हाक मारली. तो म्हणाला, "एक मिनट." आवाज अगदी माझ्या पायाखालून आला.

नंतर काहीच नाही.

खाली वाकलो. हातोडी पडली होती. नवा वासा अर्धा ठोकलेला. सरपटत आत गेल्याची ताजी रेघ होती, बाहेर आल्याची नव्हती. बाकी पापडी अखंड.

पाळी माझी होती.

१२ नोव्हेंबर

पोलीस आले. दोघं, सभ्य होते. खाली वाकून पाहिलं, फोटो काढले. पावलं सुकली होती, मिठाचे डाग तेवढे उरलेले. मी होतं ते सगळं सांगितलं. एकाने मला पाणी दिलं आणि झोप घ्या म्हणाला. संध्याकाळी साहेबांनी जहूरची रिपोर्ट केली. पळाला म्हणून.

त्याचा पासपोर्ट त्याच्या उशीखाली आहे. मी तो साहेबांना नेऊन दाखवला. ते खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, तुम्ही लादीचं काम तेवढं पूर्ण करा.

१४ नोव्हेंबर

लादीखाली घालायचे सिमेंट बोर्ड कापले. कडेला फटी ठेवल्या. हात आपोआप चालतात. नोराने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, थकलोय. ती म्हणाली, सोडा आणि या. म्हटलं, जहूरला खाली पाठवून कसा येऊ?  मला रडू आलं, तिला दिसू दिलं नाही.

१५ नोव्हेंबर

बोर्ड बसवला. उद्या वॉटरप्रूफिंगचा लेप, मग लादी. एकदा लेप लागला की खालून हवासुद्धा येणार नाही.

दुपारी बोर्डखालून ठोके. हातोडीचे नाहीत. बोटाच्या पेराने मारल्यासारखे, हळू. मी कान लावला. ठोके थांबले आणि खालूनही कोणीतरी कान लावल्यासारखं

बोर्ड गरम होता. माणसाच्या गालाएवढ्या जागी.

१६

लेप लावला नाही. डबा उघडून बसून राहिलो. साहेब दारापर्यंत आले, आत आले नाहीत. यल्ला विल्फ्रेड, आटपा, म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. त्यांनी खाली पाहिलं, आणि ज्या फळीवर उभे होते तिच्यावरून पाय उचलून घेतला. त्यांनाही ऐकू येतं. आधीपासून येत होतं.

गाडीत बसून गेले. फोन उचलत नाहीत.

१७

झोप नाही. जिथे उभा राहतो तिथे खाली कोणी उभं राहतं. माझ्या खोलीतही. आता एक नाही. पावलांच्या दोन जोड्या —

उघडणार. जहूर जिवंत असला तर? मी पाठवलंय त्याला.

१८, दुपार

बोर्ड काढला. प्लायवूड चौकोनात कापलं. कटर बंद केला तसं सगळं शांत.

खाली पापडी नाही. पाणीही नाही. नुसतं गार, काळं. आणि त्यात जहूर, डोकं खाली, पाय वर, मेंदीची दाढी वरच्या दिशेने लोंबलेली — चेहरा दिसतो. दुखत असल्यासारखा नाही. कित्येक वर्षांनी झोप झालेल्या माणसासारखा. त्याच्यामागे आणखी एक, तो मधू असेल.

ओढायला हात घातला. वर येईना. माझाच हात धरला त्याने, प्रेमाने. म्हणाला, "भाईजान, नीचे बहुत आराम है."

ओरडायला हवं. नोराला फोन

कंबर दुखायची थांबली. एका हाताने लिहितोय, दुसरा त्याच्याकडे. पाय खाली सोडलेत. थोडा वेळच. गार वाटतंय. घोट्यापर्यंत — कोणीतरी माझ्या चपला काढून बाजूला नीट ठेव