फर्दापूरला कुणाकडं जात होता, अण्णा?

प्रिय अण्णा,

काल फर्दापूरला जाऊन आले. जाब विचारायचा तर आता तुम्ही नाहीत, म्हणून लिहायला बसलेय.

लढाईवरून आलेले तुम्ही, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायचात. पण औरंगपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत पोळ्या लाटायला, धाकट्या दिलीपचे लंगोट धुवायला कधी लाजला नाहीत. माझ्या वेण्या तर तुम्हीच घालायचात. शेजारच्या काकू एकदा आईला म्हणाल्या, "पलटणीतल्या माणसाचा हात इतका हलका? जुनी सवय दिसती हो!"

त्या हसल्या. आई हसली नाही.

कारण महिन्यातल्या एका रविवारी तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून निघायचात. "माजी सैनिकांची मीटिंग हाय." कसली हो मीटिंग? परत आलात की तुमच्या हातांना चमेलीच्या तेलाचा वास यायचा! आपल्या घरात खोबरेलाशिवाय दुसरं तेल कधी आलं नाही. त्यात एसटीचा कंडक्टर निघाला आईच्या माहेरचा, करमाडचा. तो सहज बोलून गेला, "दाजी तर दर महिन्याला फर्दापूरला उतरतात."

"तिथं कोण हाय तुमचं?" आईनं विचारलं. मी शेजारीच जेवत होते.

"कुणी नाय," म्हणालात आणि भरल्या ताटावरून उठलात. कुणी नव्हतं, तर उठलात कशाला?

पुढं काही वर्षांनी तो वास थांबला. तुमचं जाणं मात्र चालूच. आई म्हणाली, "मेली असंल ती. नायतर दुसऱ्या कुणाचं घर धरलं असंल." तेव्हाचा तिचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही.

तिच्या शेवटच्या दुखण्यात तुम्ही तिचं सगळं केलंत. घास भरवलेत, अंग पुसलंत. तरी तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर ती मला म्हणाली, "इतकं करतात, म्हंजी कायतरी फेडतात." हाच संशय घेऊन ती गेली, अण्णा.

आणि तुमच्या तेराव्याला एक बाई आली. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, डोक्यावर ओढणी. तुमच्या फोटोपुढं बसून पोटच्या पोरीसारखी रडली. नाव सांगितलं शमीम. दिलीपनं मला बाजूला ओढलं. "तायडे, नाक बघ तिचं. अण्णांसारखं वाटतं का?"

मी तेच तर बघत होते! नाक, कपाळ, हनुवटी...

जाताना ती म्हणाली, "फर्दापूरला अब्बा हायेत माझे. एकदा ये. त्यांच्या तोंडून ऐक."

म्हणून काल गेले. ओट्यावर शमीमचे अब्बा, हबीबचाचा, बसले होते; शेजारी शमीम. दोन्ही हात कोपरापासून नाहीत.

"तुझा बाप आन् मी एकाच पलटणीत," ते म्हणाले. "त्या दिवशी पाण्याला जायची पाळी त्याची व्हती. त्याला ताप, म्हणून मी गेलो. पाणवठ्याजवळ हातानं गवत सारलं अन् सुरुंग फुटला. घरी आलो तर बायको तापानं गेलेली, पाठीमागं दोन पोरी. त्यांच्या वेण्या कोण घालणार? तुझा बाप नोकरी सोडून इथं आला. त्याचं लग्न होईस्तोवर इथंच राहिला, मग महिन्याला येऊन पोरींना चमेलीचं तेल लावून वेण्या घालायचा. नंतर पोरी नांदायला गेल्या, तरी महिन्याला येऊन माझी दाढी करायचा."

त्यांची दाढी वाढलेली होती. म्हणाले, "दुसऱ्याचा वस्तरा गळ्याला नक्को वाटतो."

मी विचारलं, "मग घरी का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी लई येळा बोललो, भाभीला घेऊन ये. तर म्हणायचा, ती पहिल्यांदा हेच इचारील, हबीबचे हात कशानं गेले."

एवढंच? एका प्रश्नाला भिऊन आईला जन्मभर जाळलंत? ती काय म्हणाली असती, सांगू? "मग पोरींना आधीच घरी का नाय आणलं?" असं म्हणाली असती. इतकी वर्षं संसार करून तुम्ही तिला ओळखलंच नाहीत!

आणि अण्णा, खरं सांगते, माझा अजून पुरता विश्वास बसत नाही. चाचा बोलत असताना शमीमनं दोनदा त्यांच्याकडं बघितलं. का? आणखी काही राहिलंय का? तुम्ही असता तर "कुणी नाय" म्हणून उठून गेला असतात.

आता उठून जायला जागा नाही. आईच्या वर्षश्राद्धाला शमीमला आणि चाचांना घरी बोलावणार आहे. आईच्या फोटोसमोर त्यांची पानं मांडीन. जे मला सांगितलं, ते तिथं पुन्हा सांगा म्हणेन. आईला कळू दे. मग ती रागावली, तर तुमच्यावर रागावू दे. मी मधे पडणार नाही.

तुमची, आईवर गेलेली,
सुमन