दहावी पावली

१ जून, रविवार. सकाळी ६.५५

आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन आठ महिने झाले, आता आयुष्याला शिस्त हवी. पाचला उठणार होतो. गजर लावला होता, वाजलाही असेल.

मोठा निर्णय घेतला आहे. नाण्यांचा संग्रह करायचा, पण प्रोफेशनली. सगळी नाणी नाहीत. फक्त पावल्या, म्हणजे जॉर्ज राजाच्या वेळचे चांदीचे पाव रुपये. वडिलांच्या ट्रंकेत तंबाखूच्या डबीत सात सापडल्या. सात म्हणजे कलेक्शनच झालं. शेवंतीला सांगितलं. ती म्हणाली, बरं, आधी दूध आणा.

८ जून, रविवार

कल्याणला स्टेशनजवळ रत्नदीपच्या नाण्यांच्या दुकानात गेलो. चाळिशीचा माणूस. नाणं भिंगाखाली धरून इतका वेळ बघतो की डॉक्टर काहीतरी लपवतोय असं वाटतं. त्याच्याकडून दोन पावल्या घेतल्या. एकूण नऊ.

ग्रेडिंगची सगळी माहिती काढली. नाणी कंपनीला पाठवायची. ते सत्तरपैकी मार्क देतात आणि नाणं प्लास्टिकच्या डबीत मार्कांच्या चिठ्ठीसकट सील करतात. डबी फोडली की मार्क गेले. पण खरी गोष्ट पुढेच. ऑगस्टमध्ये ठाण्याला प्रदर्शन आहे. साठच्या वर मार्क मिळालेलं एक जरी नाणं असलं, तर त्याच्या मालकाला तिथे टेबल मिळतं. आणि टेबलावर नावाची पाटी.

चौतीस वर्षं पाणीपट्टी विभागात होतो. माझ्या टेबलावरच्या पाटीवर ‘चौकशी’ लिहिलेलं होतं. निरोप समारंभाच्या बॅनरवर आधीच्या महिन्यात रिटायर झालेल्या माणसाचं नाव तसंच राहिलेलं. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही हे खरं आहे.

तर पाटी हवी. ठरलं.

१५ जून, रविवार. दुपारी

दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापून आली. ‘दौलत घाग, नाणेतज्ज्ञ, शहाड.’ पहिलं तळमजल्यावरच्या सुदेशला दिलं. तो खोपट डेपोत कंट्रोलर होता. म्हणाला, अरे, निकाल तरी येऊ दे. एसटीवाल्यांचं असंच. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत सुटली म्हणणार नाहीत.

२२ जून, रविवार

फोनवर रत्नदीपने बजावलं की काका, नाणी धुवू नका. नवशिक्यांसाठी सूचना असावी. आणि मी धुणार नव्हतोच, घासणार होतो.

चिंच, मीठ, थोडी रांगोळी आणि संचिताचा जुना टूथब्रश. संचिता, माझी मुलगी, ऑफिसला सुट्टी म्हणून झोपलेली, त्यामुळे ब्रश नक्की जुनाच होता का हे विचारता आलं नाही. अडीच तास लागले. नऊच्या नऊ पावल्या लखलखीत! राजाची दाढी बरीच निघाली. तरुण दिसतो आता.

२६ जून, गुरुवार. सकाळी ११.२०

अडचण. रत्नदीप म्हणतो की दहा नाण्यांची खेप असेल तरच निकाल ऑगस्टच्या आत येतो. माझ्याकडे नऊ.

दहावी पावली घरातच आहे. तांदळाच्या डब्यात. शेवंतीच्या आईने, आवडाबाईंनी, लग्नात पाठवणीच्या वेळी तिच्या ओटीत घातलेली. तांदळात पावली असली की डबा रिकामा होत नाही म्हणे. सुती चिंधीत बांधून तिने ती तीस वर्षं तांदळात पुरून ठेवली आहे. रोज तांदूळ काढताना आधी त्या पुरचुंडीला बोट लावते, मग माप भरते. अंधश्रद्धा. पण मी बोलत नाही.

उसनी घ्यायला हरकत नाही. ऑगस्टमध्ये परत ठेवीन.

११.५०

काम फत्ते. शेवंती ब्लाउज आणायला गेली होती. पावली काढली, चिंधीत तिच्या जागी चार आण्यांचं स्टीलचं नाणं ठेवलं. आकार तोच, वजनही जवळजवळ तेच. वरून फाइलला बांधतो तशी सरफासाची पक्की गाठ मारली, दोन्ही टोकं सारखी. बघणाऱ्याला फरक कळणं अशक्य.

वाईट एवढंच की हिला घासायला वेळ मिळाला नाही. काळपट राहिली.

२७ जून, शुक्रवार

खेप दिली. रत्नदीपने माझ्या नऊ पावल्या पाहिल्या आणि भिंग बाजूला ठेवलं. मग म्हणाला, काका, पाठवायच्याच आहेत का? भारावला होता. दहावीबद्दल मी आधीच माफी मागितली. ती मात्र त्याने घाईघाईने मऊ कागदात गुंडाळली. मळकं नाणं कुणालाही नजरेसमोर नकोच वाटणार.

फॉर्म मी स्वतः भरला. मालकाचं नाव असा रकाना होता. नऊ वेळा दौलत घाग. दहाव्याला पेन थांबलं. शेवटी सौ. शेवंती दौलत घाग असंच लिहिलं. गुपचूप घेणं वेगळं आणि नोंद वेगळी. खोटी नोंद चौतीस वर्षांत केली नाही, आता काय करायची? तसंही त्या काळपट नाण्याला कोण विचारतो.

१ जुलै, मंगळवार

चार दिवस सलग पोळ्या. भात नाही. बरंच आहे, पावसाळ्यात भात जड पडतो.

९ जुलै

अजून भात नाही. मुगाची खिचडी मागितली तर दलियाची आली. माझ्या शुगरची काळजी घेते, पण बोलून दाखवत नाही. जुन्या वळणाच्या बायका अशाच असतात. शुगर मला नाही, पण काळजी महत्त्वाची.

१५ जुलै, मंगळवार

प्रदर्शनात बोलायचं भाषण लिहायला घेतलं. ‘मित्रहो’ इथपर्यंत झालं.

मेहुणा रघु दापोलीकडून आला. दर वर्षीप्रमाणे घरच्या तांदळाचं पोतं आणलं. शेवंतीने पोतं उघडलंच नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलं. रघुने विचारलं, अगं ताई, डब्यात ओत की, पोरकिडे होतील. ती म्हणाली, इतक्यात नाही. आणि माझ्याकडे पाहिलं. मी पोतं उचलून बाजूला ठेवावं असं तिला सुचवायचं होतं. मी ठेवलं. कंबर धरली आहे.

२४ जुलै

कंबर बरी. पोळ्या चालू. संचिता ठाण्याला ऑफिसच्या कँटीनमध्ये भात खाऊन येते असं कळलं. आईला विचार ना पप्पा काय झालंय, असं मला म्हणाली. मी म्हटलं, काही झालेलं नाही, डाएट आहे.

काल स्वप्नात आमटी-भात आला. लिंबाची फोडही होती.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

आज तरी नारळी भात होईल असं गृहीत धरलं होतं. लग्नापासून एकही पौर्णिमा चुकलेली नाही. ताटात नारळाच्या वड्या. मी जरा आवाज चढवून विचारलं. शेवंती शांतपणे म्हणाली, मला तो डबा उघडवत नाही.

मग उलगडलं. झाकण घट्ट झालंय! बिचारी दीड महिना सांगायला संकोचत होती. दुपारी ती लवंडल्यावर झाकणाच्या कडेला सगळीकडून खोबरेल तेल लावून ठेवलं. घरात पुरुषमाणूस लागतो तो यासाठी.

९ ऑगस्ट

पोळ्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार. संध्याकाळी

निकाल! संचिताच्या मोबाइलवर मेल आली. पहिल्या नऊ नाण्यांसमोर ‘साफ केलेले’ असा शेरा. कंपनीने स्वच्छतेची खास दखल घेतली याचा आनंद झाला. मग संचिताने समजावून सांगितलं की साफ केलेल्या नाण्याला ते मार्कच देत नाहीत. नऊच्या नऊ बाद.

दहावी पावली, काळपट. चौसष्ट.

चहा घेतला नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ठाण्याहून पत्र. चौदा नंबरचं टेबल सौ. शेवंती दौलत घाग यांना मंजूर. मालकाने स्वतः हजर राहावे.

रत्नदीपला फोन केला. तो म्हणाला, काका, घरातलंच आहे ना, सोमवारी दुकानात या, तुमचं नाव टाकून देतो. एका सहीचं काम. मी हो म्हटलं. कायद्याने पत्नीचं ते पतीचं असं कुठेतरी असणार. शेवंतीला सांगायची गरजच पडणार नाही. डबी आली की प्रदर्शन उरकायचं आणि पावली गुपचूप परत जागेवर. भाषण पुढे लिहायला घेतलं. ‘मित्रहो, लहानपणापासूनच’ इथपर्यंत.

१८ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०

पार्सल घेऊन आलो. सही दुपारी करायची आहे. शेवंती खाली भाजीवाल्याकडे होती. डबी तांदळात मावते का, हे आधी बघून ठेवावं म्हणून तांदळाचा डबा काढला.

झाकण सहज उघडलं.

आत तांदळात माझ्या हाताचा खड्डा तसाच होता. जूनमध्ये कोपरापर्यंत हात घातलेला तो. वर माझी पुरचुंडी, सरफासाची गाठ, दोन्ही टोकं सारखी. दोन महिन्यांत त्या डब्यात कुणाचा हातच गेला नव्हता. एक दाणाही हललेला नव्हता.

मी खालीच बसलो. मला स्वतःची लाज वाटली. इथे कुणी वाचणार नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

१०.४०

शेवंती आली तेव्हा डबा समोर, मी जमिनीवर. सगळं सांगितलं. पिशवीतली मेथी निवडता निवडता ऐकत होती. म्हणाली, दुसऱ्या दिवशीच कळलं. झाकण उघडलं तर वर फाइल बांधून ठेवलेली. अशी गाठ या घरात दुसरं कोण मारतं? मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, अहो, मी काय बोलू? तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. परक्या नाण्यावर तांदूळ काढायला हात धजत नव्हता.

रत्नदीपला कळवलं की नाव आहे तेच राहू दे.

२४ ऑगस्ट, रविवार. ठाण्याहून आल्यावर

टेबल नंबर चौदा. पाटी ‘सौ. शेवंती दौलत घाग’. स्पेलिंगसुद्धा बरोबर. तिने मोरपंखी साडी नेसली होती. मला शेजारी स्टूल मिळालं आणि छातीवर ‘सहायक’ असा बिल्ला.

दिवसभर माणसं. एका गृहस्थांनी विचारलं, मॅडम, एवढं सुंदर कसं जपलंत? शेवंती म्हणाली, कोरडा तांदूळ, सुती चिंधी आणि घरातल्या माणसांपासून लांब. तेवढ्यावर टाळ्या पडल्या. मग तिने सांगितलं की आवडाबाईंना ही पावली त्यांच्या पहिल्या भातलावणीच्या मजुरीत मिळाली होती. वय वर्षं अकरा. अगदी कोरी. खर्च करवली नाही म्हणून कणगीत टाकली.

हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षांत मी कधी विचारलंच नाही.

एकाने मला विचारलं, तुम्हीपण गोळा करता का? मी म्हटलं, नाही, मी यांच्याबरोबर आलोय. कार्डं खिशातच राहिली.

२५ ऑगस्ट, सोमवार. दुपारी २.१५

सकाळी शेवंतीने डबी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, फोडा. मी समजावलं की फोडली की चौसष्ट मार्क गेले. ती म्हणाली, डब्याला पावली लागते, मार्क लागत नाहीत. माझं स्टीलचं नाणं तिने आधीच काढून ठेवलं होतं. ते माझ्या हातावर ठेवून म्हणाली, हे तुमच्या कलेक्शनला. घासू नका.

बत्त्याने दोन घाव घातले. पावली तिने कडेने उचलली, चिंधीत ठेवली, आपली गाठ मारली. मग रघुचं पोतं उघडून तांदूळ डब्यात ओतले आणि पुरचुंडी त्यात खोल सरकवली. मार्कांची चिठ्ठी मी उचलून घेतली. इथे चिकटवली आहे.

आता शेवंती वाण्याची यादी करते आहे. माझ्या कार्डांच्या पाठीमागे. कागद चांगला आहे म्हणते.

जेवायला आमटी-भात होता, लिंबाची फोडही. तीनदा घेतला. तांदूळ काढताना तिने डब्याचं झाकण एका हाताने उघडलं. तेल मीच लावलेलं, पण बोललो नाही.